घाटात पाय टेकवायचा नाही

सुरतेत चढ नाही. परातीसारखं सपाट शहर आहे हे. इथे चढ म्हणजे पूल, आणि आम्हा नवागामच्या लोकांचा चढ म्हणजे रेल्वेलाइनवरचा दिंडोलीकडचा पूल. आमची माणसं नंदुरबार-धुळ्याकडून यंत्रमागावर कामाला आली, पुलाच्या अलीकडे खोल्या घेतल्या आणि पलीकडे राबायला जाऊ लागली. सकाळच्या पाळीला त्या पुलावर सायकली ढकलत निघालेल्या पुरुषांची रांग असते. ढकलत म्हणते मी, चालवत नाही. पुलाचा पायथा आला की भलेभले उतरतात.

मी उतरत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

सायकल माझी होती. दहावी झाले तेव्हा वडिलांनी घेतलेली, निळी, बिनदांड्याची. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा एसटीच्या टपावर बांधून ती माझ्याबरोबर आली. आहेराची भांडी सासूने कपाटात घालून कुलूप लावलं, पण सायकल कपाटात मावत नव्हती, म्हणून ती माझी राहिली. तिच्या सीटचं रेक्झिन फाटलं तेव्हा मी टाकाऊ साडीच्या काठाचं कव्हर शिवून घातलं, जरीचं. असले काठ माझ्या हाताखालून रोज जातात. मी उधन्याला एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात चेकिंगला आहे. खातं म्हणजे इथल्या भाषेत कारखाना. यंत्रावरून माल उतरला की दोरा कुठे ताणलाय, कुठे ढिला पडलाय ते बघायचं, एवढंच माझं काम.

एकट्याने चढ चढायचा असेल तर पायथ्याला जोर वाया घालवायचा नाही. मध्यावर दम लागतो, तिथे सीटवरून उठून उभं राहायचं आणि अंगाचं ओझं एकदा या पायावर, एकदा त्या पायावर टाकायचं. फारच झालं तर तिरकं-तिरकं जायचं. शिवी आली तर द्यायची. थांबावंसं वाटलं तर थांबायचं, कुणाची परवानगी लागत नाही. मी थांबत नसे, कारण वर पोचलं की पलीकडचा उतार माझा असायचा. खाली मालगाडी, तोंडावर वारा, आणि दिवसभरात तेवढाच वेळ असा की मला कुणी हाक मारत नसे.

नवरा मागाच्या खात्यात मास्टर, म्हणजे मुकादम. जन्मजात पुढचा माणूस. वरातीच्या पुढे, तिरडीच्या पुढे, फोटोत मधोमध. त्याचं बोलणं ऐकलं तर वाटावं की सुरत त्याच्याच मागांवर चालते.

आमच्याकडची माणसं चैत्रात वणीच्या गडावर देवीला जातात. बहुतेक जण चालत, वांसदा, वघई, सापुताऱ्यावरून. काही जण सायकलने. सायकलवाल्यांचा एक नियम आहे. निघताना गल्लीतल्या देवळात नारळ हातात घ्यायचा आणि मग घाटात पाय टेकवायचा नाही. सपाटीवर हवं तिथे थांबा, चहा प्या, झाडाखाली घोरत पडा. पण घाट सुरू झाला की पाय जमिनीला लागला तो वरच. ज्याचा टेकला त्याचा नारळ गडावर फुटत नाही. तो तसाच परत आणून वर्षभर दारात टांगायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायचा. नवऱ्याच्या दारात असा नारळ कधी टांगला गेला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्याचा दम खरा होता. वर्षानुवर्षं तो एकटा दोन्ही घाट चढला, सापुताऱ्याचा आणि गडाचा. आल्यावर त्याला हार घालायचे, आणि तो हार वाळेपर्यंत खुंटीवरून काढू द्यायचा नाही.

मग एका पावसाळ्यात त्याने पुलावर सायकल न्यायची बंद केली. चेन खराब आहे म्हणाला आणि शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जाऊ लागला. जिना चढून आला की पहिल्यांदा खोकायचा आणि मग बोलायचा. मागावरची धूळ आणि वरून विड्या, सगळ्यांच्याच नवऱ्यांना खोकला असतो. मी लक्ष दिलं नाही.

दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले. परत आले तर जिन्याखाली माझी सायकल नव्हती. गल्लीत गर्दी होती, आणि गर्दीच्या मधोमध अर्थातच हा. त्याच्यापुढे लालभडक रंगाचं एक लांबलचक जनावर उभं होतं. दोन चाकं, दोन सीटं, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. हँडलला झेंडूची माळ. मला वाटलं कुठून तरी विकत आणलं. मग मागच्या सीटकडे बघितलं. त्यावर जरीच्या काठाचं कव्हर होतं.

त्याने उधन्याच्या एका वेल्डरकडे दोन्ही सायकली नेऊन कापून घेतल्या होत्या. पुढचा अर्धा भाग त्याच्या सायकलचा, मागचा माझ्या सायकलचा. मधे लोखंडी नळ्यांची जोड. वडिलांनी घेतलेल्या सायकलचा निळा रंग एका नळीच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे, बोटभर उरला होता.

"आते जोडीनी गड करूत," तो म्हणाला. मला नाही, गर्दीला. "पुरा सुरतमां कोनी करेल नही."

मी विचारलं, "मन्ही सायकल?"

लोक हसले. त्यालाही हसायचं होतं, पण म्हातारी माणसं समोर होती, म्हणून त्याने मोठ्या मनाचा आव आणला. देवळातला नारळ उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "गड करीसनी उनूत का तुन्ही सायकल तुले. कापी देसू."

नारळ हातात घेऊन बोललेला शब्द आमच्यात फिरवत नाहीत. म्हणून मी तयार झाले. एक चैत्र, दोन घाट, गडावरून आलो की हे कापायचं, आणि मग माझी सायकल मला. मनात मी तेवढंच धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पुलावर सराव. जोडसायकल सपाटीवर वाऱ्यासारखी पळते, हे कबूल करावं लागेल. उतारावर तर अंगावर काटा येतो, दोन माणसांचं वजन तिला खाली ओढत असतं. पण चढावर तेच वजन उलटं फिरतं. एकटं असताना आपला दम आपल्याला कळतो. दोघं असताना मला उभं राहावंसं वाटतं तेव्हा त्याला बसावंसं वाटतं. मी उभी राहिले की सायकल डुलते आणि तो ओरडतो. तिरकं घ्यावंसं वाटलं तरी हँडल त्याच्या हातात. मागचं हँडल फिरत नाही, ते नुसतं धरायला, बसमधल्या दांड्यासारखं. समोरचा रस्ता मला दिसत नाही. दिसते ती त्याची पाठ, कॉलर आणि मानेवरचा तीळ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या तिळाकडे इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं, आणि बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एकदा मी म्हटलं, निदान मागे वळून बघा तरी, मी बोलतेय.

"पुढे बसणारानी मांगे पाहानं नही ऱ्हास," तो म्हणाला. "तोल जास."

आणि त्याने मला नाव ठेवलं, पोतं. पुलावर माणसं सायकली ढकलत चाललेली असायची, त्यांच्या शेजारून जाताना हा मान वर करून ओरडायचा, "जोर लाव ना वं, पोतं! पोतं बसाडेल शे मांगे!" ढकलणारे हसायचे. थकलेल्या माणसाला सकाळी सकाळी फुकटात हसायला मिळालं तर तो कशाला सोडेल? हळूहळू गल्लीतल्या बायका सहज म्हणून विचारू लागल्या, काय ग, आज पोतं गेलं का खात्यावर. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी आमचा फोटो टाकला, माझ्या जागी बारदानाचं चित्र चिकटवून. नवऱ्याने तो स्टेटसला ठेवला.

आणि लाज वाटते ती याची की मी ते खरं मानलं. रोज कानावर पडलं की माणूस विश्वास ठेवतो. पुलाच्या वर पोचेपर्यंत माझ्या मांड्या जळायच्या, आणि मला वाटायचं, बघ, तुझ्यात जोर नाही. एकटी चढत होतीस ते बहुतेक असंच होतं. हा बिचारा दोघांचं ओढतोय.

सायकलमध्ये एक सोय होती. पायडलांच्या दोन्ही जोड्या एकमेकींना चेनने जोडलेल्या असल्या तरी मधे एक फ्रीव्हील, सुटं फिरणारं दातेरी चाक, घातलं होतं. "तुन्हासाठी," तो म्हणाला होता. "थकनी तर पाय थांबाडता येतीन." बायकोचा किती विचार करतो, असं वेल्डरच्या दुकानासमोरच्या चहावाल्यानेही म्हटलं. मी काही पाय थांबवून बघितले नाहीत. पोत्याने थांबून कसं चालेल?

चैत्रात निघालो. नारळ पुढच्या हँडलच्या पिशवीत. पहिला दिवस सपाटीचा, ऊस आणि आंब्याच्या वाड्या, आणि खरं सांगते, मजा आली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत वघई सोडलं आणि डांगच्या जंगलात शिरलो. सागाची पानं गळून गेलेली, सावली नाही, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांच्या रांगा. मग सापुताऱ्याचा घाट लागला.

पुलावरचा चढ संपतो हे आपल्याला दिसत असतं. घाटाचं तसं नसतं. प्रत्येक वळणावर वाटतं की पुढे सपाटी असेल, आणि वळण घेतलं की पुन्हा भिंत. घामाने माझे डोळे चुरचुरत होते, तोंडाला खारट चव आली होती. हा पुढून ओरडतच होता. चालणाऱ्यांची टोळी आली की जास्त जोरात. "पोतं! जोर लाव! मी एकला किती ओढू?"

मी मान खाली घातली, कारण वर बघायला काही नव्हतं. खाली दोघांच्या पायडलांना जोडणारी चेन होती.

तिची वरची बाजू झोळीसारखी लोंबत होती.

ढिला दोरा मला दिसतो. झोपेतून उठवून दाखवलात तरी दिसतो. जो ओढतो त्याच्या चेनची वरची बाजू ताणलेली असते, आणि जो नुसते पाय फिरवतो त्याची लोंबते, याला काही इंजिनिअर लागत नाही. मी कान दिला. फ्रीव्हील टिकटिक करत होतं. पुढचे पाय सुटे फिरत होते. मग मी त्याच्या पाठीकडे बघितलं. चैत्रातलं ऊन, घाट, दोन माणसांची सायकल, आणि त्याचा सदरा कोरडा होता. काखेत जरासा ओला, बाकी इस्त्री होती तशी. माझा झंपर पिळला असता तर बादलीभर पाणी निघालं असतं.

खात्री करायला मी पायातला जोर थोडासा काढून घेतला. सायकल लगेच अडखळली. तो किंचाळला, "काय करी राहिनी!" आवाजात शिवी नव्हती. भीती होती. मी पुन्हा जोर लावला आणि आम्ही पुन्हा चढू लागलो.

मला राग आला. इतका की दात दुखायला लागले. पण रागाबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती लपवत नाही. मला आनंद झाला. मी दोन माणसं घेऊन घाट चढत होते. वळणं मोजायची सोडून दिली आणि नुसती त्या लोंबत्या चेनकडे बघत सगळा घाट चढून गेले.

वर सापुताऱ्याला आमच्याच लोकांनी मांडव टाकला होता. नवरा सायकलवरून उतरला तो हात वर करून. "पोतं लीसन उनू," त्याने जाहीर केलं, "एकलाना जोरवर." टाळ्या पडल्या. एका म्हातारीने मला पाणी दिलं, माझ्या ओल्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नशीबवान शे माय तू. नवरानी बसाडी आनं तुले."

मी त्याला मांडवामागे गाठलं. म्हटलं, चेन ढिली होती. सगळ्या घाटात.

"तुले काय समजस चेनमधलं," तो म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा. आणि लगेच, मी पुढे काही बोलू नये म्हणून, मांडवात जाऊन त्याने हात जोडले आणि सगळ्यांना सांगितलं की ही सायकल आता कापायची नाही. देवीचीच तशी इच्छा दिसते. इथून पुढे जोडीनेच कामाला जाणार, आणि दरसाल जोडीनेच गड करणार. लोकांना फार आवडलं. कुणीतरी देवीचा जयजयकार केला.

माझी सायकल तिथे, सगळ्यांदेखत, दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा ती कापली तेव्हा परत मिळण्याचा शब्द तरी होता. नारळावर दिलेला शब्द फिरवायचा नसतो, पण देवीच्या नावाने फिरवला की कोण बोलणार?

गडाचा घाट नांदुरीपासून सुरू होतो. चैत्रात तिथे मुंग्यांसारखी माणसं असतात. आमची निम्मी गल्ली आधीच पोचली होती आणि मधल्या एका वळणावर फोन वर करून उभी होती, आमची रील काढायला. नवऱ्याने त्यांना लांबूनच बघितलं. त्याची पाठ ताठ झाली. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते, पण मी ओढत होते. खरंच ओढत होते. तो गप्प बसला असता तर कदाचित मी गडापर्यंत ओढलं असतं. सांगता येत नाही.

वळणावर आलो. तो ओरडला, "पोतं! जोर लाव!" आणि सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "पोतं! पोतं!"

मी दोन्ही पाय पायडलांवरून काढले आणि बाजूंना पसरले. सगळ्यांना दिसतील असे, उंच.

सायकल हातभर गेली. पुढची चेन कडकन ताणली गेली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मी ती ताणलेली बघितली. माझी पायडलं रिकामीच एकदा अर्धी फिरली. मग त्याच्या घशातून एक आवाज आला, पंप कोरडा ओढल्यासारखा, आणि सायकल उभी राहिली. उभी राहिलेली सायकल पडते. त्याने पाय टेकवला. डावा, चप्पलसकट, घाटात, निम्म्या गल्लीच्या फोनमध्ये. मी पाय टेकवला नाही. मी तशीच पसरल्या पायांनी कुशीवर आपटले. कोपर सोलून निघालं, पण पाय नाही टेकवला. पिशवीतला नारळ उडाला आणि उताराने घरंगळत सुरतेच्या दिशेने निघाला. कुणीतरी धावत जाऊन तो पकडला.

तो खाली बसला होता. ओठ निळसर झाले होते. मी रांगत जवळ गेले तेव्हा त्याने माझा हात धरला. आमच्यात चारचौघांत नवरा बायकोचा हात धरत नाही, त्याने धरला. माझ्या कानाशी, मला ऐकू येईल न येईल असं म्हणाला, "मन्हामां जोर नही राहिना आते. डॉक्टरनी चढाले नही सांगेल शे." श्वास घेतला. "कोनले सांगू नको. तुन्हा पाया पडस."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी इतक्या हळू आवाजात पहिल्यांदा बोलत होता. माणूस तसा वाईट नव्हता, असं लोक मयताला म्हणतात, ते माझ्या मनात आलं. आणि मग सगळा घाट, सगळा पूल, ते बारदानाचं चित्र आणि तो निळा रंग मनात आला.

मी उभी राहिले आणि ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. यांच्या छातीत दम नाही. डॉक्टरने मनाई केली आहे. वघईपासून यांना मी ओढत आणलं आहे. पोतं पुढे बसलेलं होतं.

कुणी हसलं नाही. त्याने माझा हात सोडला आणि तोंड फिरवलं.

मला वाटलं होतं आता सगळ्यांना कळलं. कसलं काय! पालथ्या घड्यावर पाणी. परतीच्या टेम्पोतच ठरलं की पाय मी काढले म्हणून व्रत मोडलं, व्रत मोडलं म्हणून देवी कोपली आणि देवी कोपली म्हणून त्याच्या छातीत दम राहिला नाही. दम आधीच गेला होता हे मी ओरडून सांगितलं, पण रीलमध्ये माझे पसरलेले पायच होते. सासूने नारळ दारात टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवताना बोट माझ्याकडे केलं. नवरा एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. त्याने लोकांना खोटं बोलू दिलं आणि स्वतः खोकत बसला.

एका सुट्टीच्या दिवशी मी जोडसायकल ढकलत उधन्याला वेल्डरकडे नेली. म्हटलं, कापून द्या. मागच्या भागाला पुढचं चाक, ते धरणारा चिमटा आणि हँडल बसवून द्या.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी डळमळीत होते. त्याचे निळे ओठ डोळ्यांपुढे यायचे. वाटायचं, घाबरलेला माणूस होता, अचानक दम गेला, काय करील बिचारा. वेल्डरने कटर चालू केला, मग बंद केला आणि मधल्या फ्रीव्हीलवर बोट ठेवून विचारलं, "भाभी, ये निकाल दूँ? अब तो इसका काम नहीं." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "भैया ने खास बोल के लगवाया था. आगेवाला पैर रोके तो भी पीछेवाला खींचता रहे."

म्हणजे दिवाळीतच. मी माहेरी भावाला ओवाळत होते तेव्हाच त्याला माहीत होतं की त्याच्यात दम नाही, आणि मान तर सोडायचा नाही. म्हणून त्याने माझ्या सायकलबरोबर माझे पायही जोडून घेतले होते, आणि वर त्यांना पोतं म्हणायचं, म्हणजे कुणाला संशय नको. मला जो काही कळवळा आला होता तो तिथेच त्या कटरच्या ठिणग्यांत गेला. मी वेल्डरला म्हटलं, काढा ते.

माझी सायकल मला मिळाली. लालच आहे, निळी करायची राहिली आहे. त्याचा अर्धा भागही मी घरी आणला आणि दाराशी त्या नारळाखाली भिंतीला टेकवून ठेवला. हँडल, घंटी, सीट, पुढचं चाक, पायडलंसुद्धा. ओढायचं चाक तेवढं नाही. तो कधी कधी घंटी पुसतो.

तो आता शेअर रिक्षाने कामाला जातो, पण पाळी सुटायच्या आणि लागायच्या वेळी रिक्षा लवकर मिळत नाही. मध्यंतरी एका सकाळी मी निघाले तेव्हा तो कोपऱ्यावर उभा होता. उशीर झाला होता. खोलीत आम्ही आता फारसे बोलत नाही, तिथे रस्त्यात मात्र तो म्हणाला, "मी मांगे बठू का?"

मी म्हटलं, बसा. तो कॅरिअरवर बसला, माझ्या पाठीकडे तोंड करून. सपाटीवर काही जड वाटला नाही, वजन खूप उतरलंय त्याचं. पुलाचा पायथा आला. मी ब्रेक दाबला, एक पाय टेकवला. पुलावर पाय टेकवायला हरकत नसते.

"उतरा," मी म्हटलं. "चढ शे."

"धीरे धीरे ली चाल," तो म्हणाला. "मन्हाकन नही होनार."

"उतरा."

तो उतरला. सायकली ढकलत चाललेली माणसं बघत होती, त्यातले दोघे गडाच्या वळणावर होते. त्याने पुलाचा कठडा धरला आणि चालू लागला. मी सीटवरून उठले, अंगाचं ओझं या पायावर, त्या पायावर, आणि मध्यावर दम लागला तिथे नेहमीसारखी थोडी तिरकी गेले. मागून खोकल्याचा आवाज आला, मग थांबला. थांबला म्हणजे तो थांबला, की मी लांब आले, ते कळलं नाही.

तेव्हापासून तो अधूनमधून कोपऱ्यावर उभा असतो, आणि मी त्याला पायथ्यापर्यंत नेते. वर थांबतेस का त्याच्यासाठी, असं खात्यातली एक बाई विचारत होती. निदान वळून बघतेस का, पोचला की नाही. तिला मी त्यानेच शिकवलेलं सांगितलं. पुढे बसणाऱ्याने मागे बघायचं नसतं, तोल जातो. आणि मला ड्यूटीवर वेळेत पोचायचं असतं.